मला काही झालेलं नाही

९ जानेवारी

वन्सं,

नमस्कार. तुमचं पत्र मिळालं. पाकिटावरचं अक्षर लांबूनच ओळखलं, फळ्यावर लिहावं तसं एकेक सुटं, आणि पाकीट जिन्यातच उभ्याने फोडलं. ठमीच्या निकालाखेरीज तुम्ही कधी लिहीत नाही, आणि हे काही निकालाचे दिवस नव्हेत. म्हटलं, पोरीचं काही बरंवाईट तर नाही?

माझ्या लेकीचं, ठमीचं लग्न ठरतंय. मुलगा तिच्याच ऑफिसातला आहे, दोघांनीच जमवलंय, घरची माणसं शिकलेली आहेत. वाचून फार बरं वाटलं. माझा अंगठा मुठीत धरल्याशिवाय ती झोपायची नाही. आता पगार आणते, नवरा निवडते.

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. एक, मी लग्नाला यायचा आग्रह धरणार आहे का. दुसरी, मुलाकडच्यांच्या कानावर काहीबाही गेलंय, तेव्हा माझ्या रक्ताचा रिपोर्ट पाठवता येईल का. तुम्ही लिहिलंय, ‘तुम्ही तेव्हा म्हणाला होतात की तुम्हाला काही झालेलं नाही. ते खरं असेल तर कागद पाठवायला अडचण नसावी.’

नसावीच. पण आधी इथलं सांगते, कारण इथेही नेमकं त्याच जागी येऊन घोडं अडलंय आणि माझं डोकं चालेनासं झालंय.

आमची संस्था म्हणजे टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्या. खाली ट्रकतळ, समोर वजनकाटा, मागे धंद्यातल्या बायकांच्या खोल्यांची रांग. दिवसभर खाली लोखंडावर घण पडत असतात, त्यामुळे वर आलेल्या माणसाला काही खासगी सांगायचं असेल तर ते ओरडून सांगावं लागतं. पहिल्या खोलीत बाक, पाण्याचं पिंप, शिलाई मशीन. दुसऱ्या खोलीत पडदा लावून तपासणी. कपाटात काँडोमची खोकी आणि ते कसं वापरायचं हे दाखवायला एक लाकडी नमुना. तो करून घेतला तेव्हा सुताराने मला विचारलं होतं, “बाई, हा पलंगाचा पाय ना? बाकीचे तीन कधी करायचे?” हे मी ड्रायव्हर लोकांना सांगते. ते हसले की मग ऐकतात. एकदा हसलेला माणूस लगेच उठून जात नाही, एवढं मला या कामात कळलं.

आजवर आम्हाला एका परदेशी संस्थेचा निधी होता. तो मार्चअखेर संपतो. दुसरे एक देणगीदार मिळालेत, तीन वर्षांसाठी, पण त्यांचा नियम नवा आहे. संस्थेची प्रमुख ही स्वतः एचआयव्हीसह जगणारी व्यक्ती असली पाहिजे. त्यांच्याकडून एक चष्मेवाल्या बाई आल्या होत्या. मनाने चांगल्या, बाकावर बसायच्या आधी धूळ झटकत नाहीत. नियम वाचून दाखवला, चष्मा कपाळावर चढवला आणि माझ्याकडे बघून गोड हसल्या. म्हणाल्या, “अर्थात, तुमच्या बाबतीत तर प्रश्नच नाही.”

मी म्हणाले, “अजून चहा घ्याल?”

वन्सं, मला काही झालेलं नाही. तेव्हाही झालं नव्हतं, आजही नाही. पण इथे हे कुणाला माहीत नाही. इथे सगळे समजतात की मलाही आहे.

ठमीला माझे आशीर्वाद सांगा. किंवा नका सांगू, तुम्हाला योग्य वाटेल ते करा.

तुमची,
वहिनी


२ फेब्रुवारी

वन्सं,

नमस्कार. तुमचं उत्तर एका ओळीचं आलं. ‘खुलासा नको, कागद हवा.’ तुमचे विद्यार्थी तुम्हाला का घाबरायचे ते समजलं. पण खुलासा केल्याशिवाय मलाच माझं समजेनासं झालंय, तेव्हा रागावलात तरी वाचा.

तुमचा भाऊ गेला त्यानंतर मी रक्त तपासून घेतलं. काही निघालं नाही. पुन्हा तपासलं, पुन्हा काही नाही. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी, नशीब समजा. मी कागद घेऊन घरी आले, मामंजींपुढे धरला. ते कागदाकडे न बघता म्हणाले, “कुणाचाही कागद कुणीही आणतं.” तुम्ही दारात उभ्या होतात, ठमी तुमच्या कडेवर होती. तुम्ही काही बोलला नाहीत. मी तुम्हाला दोष देत नाही. देत नाही असं लिहिलं आणि पुन्हा वाचलं, तर देते आहे असंच वाटतंय. असो.

मग मी या गावात आले, दवाखान्यात आयाचं काम धरलं. तिथे एक बाई आली, तिला तेव्हाच कळलं होतं. भिंतीला डोकं टेकून बसली होती. मी पाणी दिलं तर घेईना, म्हणे तुमचा पेला विटाळेल, तुम्ही पुन्हा त्यातून पिणार का? मी त्याच पेल्यातलं अर्धं पाणी प्यायले आणि तो पुन्हा तिच्यापुढे धरला. ती म्हणाली, “तुलाही आहे?” मी म्हणाले, “माझा नवरा त्यानेच गेला.” तिने माझा हात जो धरला तो सुटेना. ती आमची शिंपीण. त्यानंतर आजतागायत ती मला ताई म्हणते. खोल्यांच्या रांगेतल्या पहिल्या बायकांना तीच घेऊन आली. “ताई आपल्यातली आहे,” एवढंच म्हणायची. तेवढ्यावर दारं उघडायची. माझ्याआधी दोन संस्था येऊन गेल्या होत्या, पत्रकं वाटून, फोटो काढून. त्यांना कुणी खोलीत घेतलं नव्हतं.

मी खोटं कधी बोलले नाही. पण कुणी म्हणालं तर नाहीही म्हणाले नाही. काय म्हणणार होते? तुम्हा सगळ्यांना झालंय, मी मात्र सुटले? ते तोंडातून निघेना. पुढे पुढे मीच विसरून गेले, की मी वेगळी आहे. खरं सांगते, कधी ताप आला तर मलाही वाटायचं, आलं वाटतं.

आता गंमत बघा. हा नियम कुणी केला, तर म्हणे माझ्यासारख्यांनीच. मागे एका मोठ्या हॉलमध्ये सभा होती, देणगीदार, डॉक्टर, साहेब लोक सगळे जमले होते. मला माइक दिला. मी म्हणाले, ज्याचं जळतं त्याला कळतं, तर कारभारही त्याच्याच हातात द्या, आम्हाला नुसतं फोटोपुरतं उभं करू नका. टाळ्या पडल्या. ‘आम्हाला’ म्हणाले मी. चष्मेवाल्या बाई सांगत होत्या की ते वाक्य त्यांच्या कुठल्याशा पुस्तिकेत छापलंय. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

आणि नियम चुकीचाही नाही, हेच तर दुखणं आहे. बरोबरच आहे तो. मीच त्यात बसत नाही.

तर आता तुम्हाला हवा आहे कागद, की मी धडधाकट आहे. आणि इथे हवी आहे बाई, जी धडधाकट नाही. मी एकच आहे. एकीकडे खरं बोलले तर मुलगी उजवली जाते, दुसरीकडे तेच खरं बोलले तर टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्या बंद पडतात. आणि कागद देणं तरी खरं बोलणं आहे का? आम्ही इथे येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो, तुमचा रिपोर्ट तुमचा, मागायचा हक्क कुणाला नाही, मालकाला नाही, शेजाऱ्याला नाही, सोयऱ्यालाही नाही. हे मी रोज सांगते. मग आपल्या मुलीच्या वेळी...

खाली कुणीतरी हाका मारतंय. अर्धवटच पाठवते.

वहिनी


१९ फेब्रुवारी

वन्सं,

तुमचं उत्तर आलेलं नाही, तरी लिहिते आहे. माझ्याकडून एक गोष्ट घडून गेली आणि ती सांगायला मला दुसरं माणूस नाही. म्हणजे होतं, पण घडलं तिच्याचबरोबर.

मी ठरवलं, सांगायचं तर आधी शिंपिणीला. दुपारी ती एकटीच होती, पिशव्या शिवत होती. औषधाच्या बाटल्यांचा खडखडाट होऊ नये म्हणून आत कापूस घालून आम्ही छोट्या पिशव्या शिवतो, म्हणजे बायकांना गोळ्या कुणाच्या नजरेत न येता नेता येतात. तिचीच कल्पना. मी समोर बसले आणि म्हणाले, “तुला एक सांगायचंय. मला नाही तो आजार.”

ती पाय न थांबवता म्हणाली, “हो, आता विषाणूंची संख्या फार खाली गेली की डॉक्टर असंच म्हणतात. गोळ्या नीट घेतल्या की रक्तात दिसतसुद्धा नाही.”

“तसं नाही गं. कधीच नव्हता.”

मशीन थांबलं. खाली घण पडत होते, तेही नेमके तेव्हाच थांबले. ती म्हणाली, “कधीच?”

“कधीच.”

मला वाटलं होतं ती म्हणेल, मग इतके दिवस गप्प का होतीस? त्याचं उत्तर मी पाठ करून गेले होते. तिने ते विचारलंच नाही. ती म्हणाली, “मी तुझ्याकडं बघून गोळ्या घेत आले.”

मला कळेना. मी म्हणाले, “म्हणजे?”

“म्हणजे काय म्हणजे! पहिल्या वर्षी मळमळ, चक्कर, सगळं अंग सोलून काढल्यासारखं व्हायचं. दोनदा गोळ्या फेकायला निघाले होते. मग तुझ्याकडं बघायचे. तू जिने चढायचीस, ड्रायव्हरांशी भांडायचीस, पाण्याची पिंपं उचलायचीस. म्हणायचे, हिलाही तेच आहे ना, आणि ही बघ कशी. ही जगते तर मीही जगेन.” मग जरा थांबून म्हणाली, “तू तर नुसती धडधाकट होतीस.”

मी म्हणाले, “पण तू जगलीस ना?” तर ती म्हणाली, “हो. आता कुणाच्या जिवावर, ते मला माहीत नाही.” कात्री खोक्यात ठेवली, मशीनवर कापड टाकलं आणि निघाली. जिन्यातून म्हणाली, “येते, मॅडम.”

मॅडम. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

त्या दिवसापासून ती आलेली नाही. दवाखान्यातून कळलं, या महिन्याच्या गोळ्याही तिने नेलेल्या नाहीत. मी तिच्या घरी दोनदा जाऊन आले. दार उघडत नाही. आत रेडिओ चालू असतो, म्हणजे आहे.

मला सांगा, मी खरं बोलले ते चांगलं केलं की वाईट? तुम्ही शिक्षिका होतात. खोट्याने माणूस जगत असेल आणि खऱ्याने मरणार असेल तर मुलांना तुम्ही काय शिकवता? मी चिडून विचारत नाही. मला खरंच माहीत नाही.

वहिनी


८ मार्च

वन्सं,

ठमी येऊन गेली. तुम्हाला एव्हाना कळलंच असेल.

आधी सभेचं सांगते, म्हणजे क्रम चुकणार नाही. चष्मेवाल्या बाई करार ठरवायला आल्या. खोल्यांच्या रांगेतल्या बायका, दोन ड्रायव्हर, दवाखान्याचे डॉक्टर असे सगळे बाकांवर, जमिनीवर, जिन्यात बसले होते. मी उभी राहिले आणि सांगून टाकलं. मला काही झालेलं नाही, कधी नव्हतं, तुमचा गैरसमज मी दूर केला नाही.

मग मागून एक म्हातारी म्हणाली, “अगं, मग रडतेस कशाला? पेढे वाट.” जिन्यातले हसले. बाकीच्या नाही हसल्या. एकजण उठून गेली. एकीने विचारलं, “मग आमचं सगळं तुला कसं समजायचं?” मी म्हणाले, मलाही कळत नाही. चष्मेवाल्या बाई गडबडून गेल्या होत्या. त्यांनी मला हळूच विचारलं, “मग तुम्ही... तुम्ही नक्की कोण?” त्यांना म्हणायचं होतं कागदावर कोण. पण मला तो प्रश्न असा लागला की मी खालीच बसले.

नंतर त्यांनी विचारलं, प्रमुख म्हणून दुसरं कोण पुढे येईल? नाव छापलं जाईल, फोटो लागेल, बँकेत सही असेल. सगळ्या जमिनीकडे बघायला लागल्या. मी त्यांना काय म्हणणार? लाजू नका असं मी रोज सांगत होते ते माझ्या सुरक्षित जागेवरून, हे आता त्यांनाही कळलं होतं. चष्मेवाल्या बाई म्हणाल्या, “नियम मी नाही केला हो. आम्हालाही वरून येतो.” मार्चअखेरीपर्यंत थांबते म्हणाल्या. जाताना जिन्यात अडखळल्या. मी धरायला गेले तर त्यांनीच माझा हात घट्ट धरून ठेवला. का, ते मी विचारलं नाही.

दोन दिवसांनी सकाळी एक मुलगी वर आली. मी नेहमीसारखं म्हणाले, “ये, बस. नाव सांगायची गरज नाही.” ती उभीच. मग म्हणाली, “मला वाटलं होतं, तू ओळखशील.”

वन्सं, ओळखायला हवं होतं. तुमच्यासारखी उभी राहते ती, एक हात कमरेवर ठेवून. मी आधी तुम्हाला ओळखलं आणि मग तिला.

तुमच्या टेबलावरची माझी पत्रं वाचून आली होती. तिला मी बसायला सांगितलं, पाणी दिलं. तिने पेला हातात धरून ठेवला. म्हणाली, “मला लहानपणापासून सांगितलं, आई आजारी आहे, म्हणून तिच्याजवळ राहता येत नाही. मी शाळेत तुझ्यासाठी देवाला काय काय सांगायची. आणि तू बरी होतीस?”

“हो.”

“मग मला न्यायला का नाही आलीस?”

सगळे हेच विचारतात बघा, जरा शब्द फिरवून. शिंपीण, त्या बायका, आता ही. मला काही झालेलं नाही, यात प्रत्येकाचं काहीतरी हरवतं. असं कसं हो? चांगली बातमी आहे ना ही?

तिला काय सांगितलं ते ऐका. मी म्हणाले, तेव्हाचे दिवसच तसे होते, माणसं घाबरलेली होती, कुणाला काही माहीत नव्हतं. हे खरंच आहे. मी आले होते, हेही सांगितलं. दार लावून घेतलं गेलं हे नाही सांगितलं. कोर्टात जायला निघाले तेव्हा मामंजींनी निरोप धाडला होता की मुलीला शाळेत सगळ्यांना सांगू, आईला काय आहे ते, म्हणून मी मागे फिरले, हेही नाही सांगितलं. आजोबांचा फोटो ती पाकिटात घेऊन फिरते, मी पाहिला. तुम्हाला ते निरोपाचं माहीत होतं की नाही, मला आजवर कळलेलं नाही. सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. तिच्या मनातला आजोबा मोडायला मी येणार नाही.

ती दुपारपर्यंत थांबली. लाकडी नमुना बघून म्हणाली, “हे काय?” मी सुताराची गोष्ट सांगितली. हसली. मग एकदम हसायची थांबली, जणू हसल्यामुळे माफ केल्यासारखं होईल अशी भीती वाटली असावी.

निघताना तिने पेल्यातलं पाणी प्यायलं. तहान लागली असेल, एवढंच. मी त्यातून काही काढत नाही.

वहिनी


२७ मार्च

वन्सं,

नमस्कार. सगळं एकदम लिहिते, नाहीतर गुंता होईल.

मागच्या आठवड्यात एक मुलगी आली, कपड्यांच्या कारखान्यात काम करणारी. तिला आम्ही पाखरू म्हणतो, कारण खिडकीजवळच बसते आणि जरा आवाज झाला की दचकते. तपासणीत निघालं. मी समजावलं, डॉक्टरांनी समजावलं. गोळ्या हातात दिल्या तर तिने मला विचारलं, “तुम्ही घेता?”

पूर्वी या प्रश्नाला मी म्हणायचे, “घेते म्हणजे? घ्यायच्याच असतात!” आणि वेळ मारून न्यायचे. या वेळी म्हणाले, “नाही. मला तो आजार नाही.” पाखराने गोळ्या बाकावर ठेवून दिल्या. म्हणाली, “मग तुम्हाला काय माहीत?”

मला काय माहीत. बरोबर आहे तिचं.

मी तशीच शिंपिणीच्या दाराशी गेले. रेडिओ चालू. मी दाराला तोंड लावून, घणाच्या वर आवाज चढवायची सवय आहे त्या आवाजात ओरडले, “माझ्यासाठी उघडू नकोस. वर एक पोरगी बसली आहे, गोळ्या घेत नाही. म्हणते, ज्याला आहे त्यानेच सांगावं. मी सांगून उपयोग नाही.” रेडिओ बंद झाला. दार मात्र उघडलं नाही. मी परत आले.

अर्ध्या तासाने शिंपीण जिना चढून आली. काय तिची दशा झाली होती! गाल बसलेले, ओठाला फोड. माझ्याकडे न बघता पाखराच्या शेजारी बसली. मी पडद्याआड गेले, पण ऐकू येत होतं.

“किती दिवस झाले कळून?”

“चार.”

“मला वीस वर्षं झाली. बघ माझ्याकडं. आज बरी दिसत नाहीये मी, कारण महिनाभर गाढवपणा केला, गोळ्या सोडल्या. नीट बघून ठेव, सोडल्या की असं दिसतं.”

“आणि घेतल्या की?”

“घेतल्या की मी शिवते, भांडते, उधळते. पुढच्या महिन्यात ये, दाखवते.”

मग दोघींनी एकाच पिंपातलं पाणी घेतलं आणि गोळ्या गिळल्या. शिंपीण डॉक्टरांकडेही जाऊन आली, खूप बोलणी खाल्ली. महिन्याने पुन्हा रक्त तपासायचंय, औषध बदलावं लागेल की नाही ते तेव्हा कळेल. म्हणजे माझ्या खऱ्या बोलण्याची किंमत तिला किती पडली, ते अजून ठरायचंय. ते मनातून जात नाही.

संध्याकाळी ती मशीनवरचं कापड झटकत म्हणाली, “त्या चष्मेवालीला कळवा. मी होते प्रमुख. फोटो काढायचा तर चांगला काढा म्हणावं, ओठ बरा झाल्यावर.”

मी म्हणाले, “घरी मुलगा आहे तुझा, त्याच्या शाळेत...”

“त्याला मी सांगितलं. रडला. मग म्हणाला, बँकेत सही करायला शिकवतो.” मग माझ्याकडे पहिल्यांदा बघून म्हणाली, “तुम्ही हिशेब बघा, पत्रव्यवहार बघा. पडद्यामागची बोलणी आम्ही बघू, मॅडम.”

अजूनही मॅडमच. करार झाला आहे, तीनऐवजी एकाच वर्षाचा, पुढे बघू म्हणतात. खोल्या वाचल्या. फलकावर माझ्या नावाच्या जागी तिचं नाव रंगवलं जात होतं, तेव्हा मी खाली उभी राहून पेंटरला सांगत होते, जरा डावीकडे घे. मला आनंद झाला होता, वन्सं. आणि पेंटरच्या हातातला ब्रश काढून घ्यावासाही वाटला होता. दोन्ही एकाच वेळी कसं होतं, कोण जाणे.

आता तुमच्या कागदाचं.

मी तो पाठवणार नाही. रागावू नका, आधी ऐका. सोपं होतं ते, पाकिटात घालायचा आणि टाकायचा. तीन वेळा घातलाही. पण मी तो पाठवला तर त्याचा अर्थ असा होईल की मी धडधाकट, म्हणून माझी मुलगी घेण्यासारखी. मग शिंपिणीच्या मुलाला उद्या कुणी मुलगी द्यायची नाही का? तो काय कमी आहे? त्याच्या आईच्या शेजारी बसून मी असला कागद पाठवू शकत नाही. याने ठमीचं लग्न मोडलं तर ते माझ्या माथी. पूर्वी तिला सोडलं म्हणून, आता कागद दिला नाही म्हणून. मी बरोबर करते आहे असं मला वाटत नाही. दुसरं काही करता येत नाही, एवढंच वाटतं.

वहिनी


१४ एप्रिल

वन्सं,

नमस्कार. तुमचं पत्र नाही, पण ठमीचा फोन आला. तिने सगळं सांगितलं. तुम्ही ते मला कधी सांगणार नाही, म्हणून मीच लिहून ठेवते.

मुलाचे आईवडील तुमच्याकडे आले. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग त्याच्या आईने आवाज खाली आणून विचारलं, “ते मुलीच्या आईचं काय आहे म्हणतात, तेवढं एकदा स्पष्ट झालं असतं तर बरं.” ठमी म्हणते, ती आतल्या खोलीत दाराला कान लावून उभी होती. आणि तुम्ही म्हणालात, “तिची आई आजारी आहे असंही मी सांगणार नाही, आणि नाही असंही सांगणार नाही. पोरगी मी वाढवली आहे. रिपोर्ट हवा असेल तर माझा मागा.”

म्हणे मुलाचे वडील खोकले. मुलगा उठला आणि तुमच्या पायाशी येऊन बसला. लग्न ठरलं. त्याची एक आत्या येणार नाही म्हणते. नाही आली तर नाही आली, एक पान कमी.

ठमी फोनवर तुमचं वाक्य तुमच्याच आवाजात म्हणून दाखवत होती. मी खूप हसले. फोन ठेवल्यावर मात्र पुन्हा तेच वाक्य मनात आलं आणि मला कळेना, मी हसले कशाला. तुम्ही त्या वाक्याने माझी लाज राखलीत. पंधरा पत्रांतून मला जे नीट मांडता आलं नसतं, ते दोन ओळींत मांडलंत. आणि त्याच दोन ओळींत पोरगीही स्वतःकडे घेतलीत. खरं आहे ते, तुम्हीच वाढवलीत. तिचे ताप, तिचे पाढे, तिची पहिली चप्पल. मी काही म्हणू शकत नाही. तरी रडले. कृतज्ञतेने रडले की मत्सराने, ते मला सांगता येणार नाही. थोडं थोडं दोन्ही असावं.

ठमीने आणखी एक सांगितलं. आजोबांचं, ते निरोपाचं, तुम्ही तिला आपणहून सांगितलंत. फोटो तिने पाकिटातून काढलेला नाही. म्हणाली, “आई, मला त्यांचा राग येतो आणि त्यांची आठवणही येते. मी काय करू?” मी म्हणाले, तसंच चालू दे, माझंही तसंच चालू आहे. ती मला आई म्हणाली, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

लग्नाला मी येते आहे. तुम्ही पहिल्या पत्रात विचारलं होतंत, आग्रह धरणार का. आग्रह नाही, पण येते आहे. शिंपिणीने माझे कपडे शिवायला घेतलेत. माप घेताना टाचण्या दातात धरून म्हणाली, “मॅडम, सरळ उभ्या राहा,” आणि टाचणी टोचली. मुद्दाम की चुकून, विचारलं नाही.

तिथे लोक विचारतील, ही कोण. मुलीची आई म्हणायचं, की वहिनी म्हणायचं, की आणखी काही, ते तुम्ही ठरवा. आणि मी कुठे बसू तेही कळवा. नाही कळवलंत तर मी तुमच्या शेजारी येऊन बसेन.

तुमची,
वहिनी